मासेमारीबंदीचे दोन महिने आऊटबोर्ड कसं ठेवायचं? १५ एचपी टू-स्ट्रोक, ई२० पेट्रोल

खाडीकाठ_बेलापूर

मशीन १५ एचपी टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन आहे. दोन सिलिंडर, एक कार्ब (कार्ब्युरेटर), दोरीने चालू होणारं, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ५०:१. फायबरची होडी दिवाळे गावाला लागते. १ जून ते ३१ जुलै बंदीचे ६१ दिवस, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याचा नेम नाही, म्हणजे मशीन अडीच महिने तरी बंद राहणार. होडी वर ओढली की मशीन उतरवून नेरूळला सोसायटीच्या पार्किंगमधल्या एका बंद खोलीत ठेवायचं आहे. खोलीला ओल येते, पण पाणी शिरत नाही.

नेटवर शोधलं तर स्नोमोबाइल नाहीतर बर्फाळ देशांतल्या बोटींबद्दलच सगळं सापडतं. इंजिन आपल्यासारखंच टू-स्ट्रोक, पण हवा आपली नाही. म्हणून इथे विचारतो.

१) कार्बमधलं पेट्रोल मशीन चालवून संपवायचं की स्क्रू उघडून काढायचं? दोन्ही मतं ऐकली आहेत. गेल्या मोसमात नुसतं चालवून संपवलं होतं, तरी ऑगस्टमध्ये पायलट जेट (कार्बमधलं पेट्रोलचं बारीक भोक) चोंदलेलं निघालं.
२) फॉगिंग ऑइलचा (बंद इंजिन आतून गंजू नये म्हणून मारायच्या ऑइलचा) डबा जवळपास मिळत नाही. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल चालेल का, किती, आणि कुठून घालायचं?
३) टाकी २४ लिटरची, प्लास्टिकची. भरून ठेवू की रिकामी? आत्ता ९ लिटर मिसळलेलं पेट्रोल शिल्लक आहे.
४) गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू जरा सैल करून पाहिला, गिअर ऑइल पांढरट दिसलं. आत्ता बदलू की ऑगस्टमध्ये चालू करताना?

मिस्त्री_टूटी

चारही प्रश्नांच्या आधी कामाचा क्रम ठरवा, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. आधी गोड्या पाण्याने धुणं, मग फॉगिंग, मग कार्ब रिकामा करणं, मग प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल, आणि शेवटी गिअर ऑइल. पहिली दोन कामं मशीन चालू असतानाच होतात. आधी कार्ब रिकामा केला आणि मग फॉगिंग आठवलं, तर परत पेट्रोल भरावं लागतं आणि सगळं पहिल्यापासून.

धुण्यासाठी अर्धं कापलेलं २०० लिटरचं पिंप पुरतं. पंखा आधी काढून ठेवा, नाहीतर अर्धं पिंप अंगावर येईल आणि हातालाही धोका. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चार बोटं तरी वर हवं, म्हणजे वॉटर पंप बुडालेला राहतो. पाण्याबाहेर मशीन दहा सेकंदही चालवू नका. पंपातला रबराचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) कोरडा घासला की पाती करपतात. पाणी नळाचं घ्या. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं ते उत्तम, बोअरचं मचूळ पाणी असेल तर सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही.

किती वेळ चालवायचं, तर दहा-पंधरा मिनिटं, आयडलपेक्षा थोडं वर. दोन मिनिटांत पाणी गोडं आलं म्हणून बंद करणारे पुष्कळ आहेत. पण इंजिन गरम झाल्याशिवाय थर्मोस्टॅट उघडत नाही, आणि तो उघडेपर्यंत सिलिंडरभोवतीच्या पोकळीत गोडं पाणी नीट फिरतच नाही. मीठ नेमकं तिथेच साठतं. पाच मिनिटांनी पिंपातलं पाणी ओतून नवं भरा, कारण पहिलं पाणी खारं आणि काळं झालेलं असतं. ठाण्याच्या खाडीत गाळ फार. ओहोटीला उथळ पाण्यात चालवलेल्या मशीनमधून मिठाबरोबर बारीक चिखलही निघतो, तो निघेपर्यंत थांबा.

आता फॉगिंग. हे नेमकं कशासाठी ते समजलं की कुठून घालायचं हे विचारावं लागत नाही. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये फोर-स्ट्रोकसारखं ऑइल भरलेलं नसतं. मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे रोलर, पिस्टन, सगळं पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलच्या धुक्यावर जगतं. मशीन बंद झालं की पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा पातळसा थर उरतो. आऊटबोर्डचा क्रँक उभा असतो, त्यामुळे तोही हळूहळू खाली उतरतो आणि वरचं मेन बेअरिंग सगळ्यात आधी कोरडं पडतं. जूनची दमट हवा कार्बच्या तोंडातून आत जाते, रोलरवर सुईच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके पडतात. ऑगस्टमध्ये मशीन चालू होतं, काही आठवडे बरं चालतं, मग बेअरिंग आवाज करायला लागतं.

म्हणून नुसतं प्लगच्या भोकातून ऑइल ओतून भागत नाही. ते पिस्टनच्या डोक्यावर आणि रिंगांवर राहतं, बेअरिंगपर्यंत फारसं पोचत नाही. बेअरिंगचा रस्ता कार्बच्या तोंडातूनच आहे.

फॉगिंगचा स्प्रे नसला तरी अडत नाही. टीसी-डब्ल्यू३ ऑइल, म्हणजे तुम्ही पेट्रोलमध्ये मिसळता तेच, २० मिलीच्या सिरींजमध्ये भरा. हवेच्या डब्याचं झाकण काढा. मशीन गरम, पिंपात, आयडलच्या थोडं वर. कार्बच्या तोंडात ऑइल थेंब थेंब सोडत जा. एकदम पिचकारी मारलीत तर लगेच बंद पडेल आणि अर्धं ऑइल कार्बमध्येच साचेल. १५ ते २० मिली आत गेलं की पांढरा दाट धूर येतो, मशीन गुदमरायला लागतं, मग स्वतःच बंद पडतं. तिथे काम झालं. वरचं कव्हर काढलेलं असताना फ्लायव्हील उघडं फिरतं, तेव्हा गळ्यातला पंचा, सैल बाह्या बाजूला.

मशीन थंड झाल्यावर दोन्ही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, तेच ऑइल. जास्त नको. प्लगच्या टोप्या इंजिनच्या धातूला टेकवून अर्थिंग द्या, किल स्विचची दोरी काढलेली असू द्या, आणि स्टार्टरची दोरी हळू सहा-सात वेळा ओढा. टोप्या मोकळ्या लोंबत ठेवून दोरी ओढली तर सीडीआयमधल्या (ठिणगी तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातल्या) विजेला जायला वाट राहत नाही, तो आतल्या आत जळू शकतो. शिवाय पेट्रोलच्या वाफेत ठिणगी पडेल ते वेगळंच. मग प्लग हाताने बसवून हलकेच आवळा. पूर्ण आवळायचे ते ऑगस्टमध्ये, नवे घालताना.

डब्ल्यूडी-४० मारून मोकळं होऊ नका. त्याचा थर फार पातळ, ओलीत दोन-अडीच महिने टिकत नाही. आणि स्कूटर-मोटरसायकलचं टू-टीही नको. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेलं. टीसी-डब्ल्यू३ राखरहित असतं आणि गंज रोखायचे घटक त्यात धरलेले असतात.

ऐरोली_जेट्टी

मिस्त्रींनी क्रम बरोबर सांगितला. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, दोन्हींचं मूळ एकच: ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

चालवून संपवायचं की काढायचं, या वादात दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत. पेट्रोलची नळी काढून मशीन बंद पडेपर्यंत चालवलं, तरी कार्बची वाटी पूर्ण रिकामी होत नाही. पेट्रोल मेन जेटच्या खाली गेलं की मशीन थांबतं, पण वाटीच्या तळाला थोडं उरतंच. महिन्याभरात त्यातला हलका भाग उडून जातो, ऑइल आणि चिकट राळ तेवढी राहते. पायलट जेटचं भोक केसाएवढं, ते पहिलं बुजतं. तुमचं तेच झालं असणार.

शिवाय पेट्रोल संपत येताना मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. तुमच्यासारखं ऑइल पेट्रोलमध्येच असेल तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. एका कार्बच्या मशीनला आयडलवर यानं फारसं बिघडत नाही. पण तीन कार्बच्या मोठ्या मशीनला तिन्ही वाट्या एकाच वेळी रिकाम्या होत नाहीत. एक सिलिंडर कोरडं, बाकी दोन त्याला ओढतात.

उपाय सोपा आहे. मशीनकडची नळी काढा आणि त्याच शेवटच्या मिनिटभरात मिस्त्रींनी सांगितलेलं ऑइल कार्बमध्ये सोडा. पेट्रोल कमी होतं तसं ऑइल वाढतं, लीन होण्याची भीती उरत नाही. मशीन बंद पडल्यावर वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू काढा आणि उरलेलं स्टीलच्या वाटीत घ्या. प्लास्टिकच्या कपात नको. ती स्टीलची वाटी उजेडात तिरकी करून बघा. तळाला काचेच्या मण्यांसारखे थेंब वेगळे पळताना दिसले तर ते पाणी. पांढरी भुकटी किंवा जेलीसारखा गोळा दिसला तर कार्ब उघडूनच साफ करायला हवा, आणि तो आत्ताच. ऑगस्टपर्यंत ती भुकटी अॅल्युमिनियम खात बसते. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा. स्क्रूचा फायबर वॉशर चपटा झाला असेल तर बदला.

आता ई२० बंद असताना नक्की काय करतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. अर्धवट भरलेली टाकी, झाकणावरचा एअर स्क्रू उघडा, दिवसा गरम, रात्री पावसाने गार. टाकी श्वास घेत राहते आणि दर श्वासाला थोडी ओल आत. काही काळ ते पाणी इथेनॉलमध्ये विरघळून राहतं, वरून पेट्रोल चांगलंच दिसतं. मर्यादा ओलांडली की एकदम फाटतं, नासलेल्या दुधासारखं. इथेनॉल आणि पाणी तळाला, पेट्रोल वर. मग कितीही हलवा, परत एक होत नाही, आणि स्टॅबिलायझर टाकूनही नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांनी पुढचं नीट वाचा. मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, खालच्या थरात जवळजवळ नसतंच. आणि टाकीतली नळी पेट्रोल ओढते तळापासून. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या दिवशी मशीनला मिळतं ते ऑइल नसलेलं, पाणी मिसळलेलं इथेनॉल. चालू झालंच तर काही मिनिटांत पिस्टन धरतो. मग लोक म्हणतात ऑइल तर बरोबर मिसळलं होतं. मिसळलेलं होतंच, फक्त ते वरच्या मजल्यावर राहिलं.

म्हणून प्लास्टिकची टाकी रिकामीच ठेवा. भरून ठेवण्याचा सल्ला धातूच्या टाकीसाठी, आतून गंज चढू नये म्हणून, आणि तोही बिनइथेनॉल पेट्रोलच्या काळातला. टाकी रिकामी करून उन्हात वाळवा आणि झाकण, एअर स्क्रू दोन्ही बंद करा. नळीवरचा पेट्रोल दाबून चढवायचा रबरी फुगा आणि नळी उचलून आतलं पेट्रोल काढून टाका. नळी आतून मऊ, चिकट लागत असेल किंवा फुगा दाबल्यावर लगेच परत फुगत नसेल, तर बंदीतच बदला. बऱ्याच आऊटबोर्ड कंपन्या ई१० पर्यंतच परवानगी देतात. आपल्याकडे जुन्या मशीनला जुनी रबरी नळी आणि त्यात ई२०, म्हणून हे तपासायलाच हवं.

९ लिटर साठवूच नका. १५ एचपी टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण ६ लिटर जाळतं, म्हणजे तो दीड तासाचा माल आहे. मेअखेरपर्यंत त्यातच फेऱ्या मारा आणि शेवटच्या दिवशी टाकीत लिटर-दोन लिटरपेक्षा जास्त उरणार नाही असं बघा. बीएस-६ च्या गाडीत ते ओतू नका, ऑइलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

धुणं-फॉगिंगसाठी जे लिटरभर लागेल ते ताजं घ्या, शक्यतो बिनइथेनॉलचं. काही पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. लिटरभरच लागतंय, त्यामुळे भाव बघून घाबरायला नको, पण इथेनॉल नाही हे स्वतः तपासा. १०० मिलीचा खुणा असलेला काचेचा सिलिंडर घ्या. १० मिली पाणी, वर ९० मिली ऑइल न मिसळलेलं पेट्रोल. झाकून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. ई२० असेल तर पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि थर २७-२८ मिलीपर्यंत चढतो. हे मोकळ्या हवेत करा, आणि तपासलेलं पेट्रोल परत टाकीत नको.

खाडीकाठ_बेलापूर

दोघांचेही आभार. फुगा दाबल्यावर खरंच हळू फुगतो, म्हणजे बदलायला झाला. नऊ लिटर या आठवड्यातच संपवतो.

दोन गोष्टी राहिल्या. गिअर ऑइलचं कोणी सांगेल का? आणि खोलीत उभं करायला स्टँड नाही, आडवं ठेवलं तर चालेल का? तिथे उंदीरही आहेत. शिवाय जेट्टीवर सगळे सांगतात, दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं चालू करून ठेव म्हणजे काही होत नाही.

वाशीगाव_मरीन

गिअर ऑइल आत्ताच बदला, ऑगस्टवर अजिबात टाकू नका. पांढरट, ताकासारखं ऑइल म्हणजे आत पाणी. चालू मशीनमध्ये ते ऑइलबरोबर घुसळलेलं राहतं, पण अडीच महिने उभं ठेवलं की खाली बसतं आणि गिअर, बेअरिंग खाऱ्या पाण्यात उभे राहतात. बर्फाच्या देशात या पाण्याचा गोठून केसिंग फोडण्याचा धोका असतो, म्हणून त्यांच्या लेखांत पानंच्या पानं फुटण्यावर असतात. आपल्याकडे फुटत नाही, गंजतं.

मशीन उभं ठेवून आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. वरचा काढल्याशिवाय नीट वाहत नाही. खालच्या स्क्रूला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लगदा असणं साधी गोष्ट आहे. बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. पूर्ण रिकामं व्हायला अर्धा तास द्या.

भरताना खालून भरायचं. वरून ओतलं तर हवा अडकते आणि ऑइल कमी बसतं. पंपाची नळी खालच्या भोकात लावून एसएई ९० हायपॉइड ऑइल दाबत जा, वरच्या भोकातून बुडबुड्याविना धार आली की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून खालचा पटकन बसवा. या मापाच्या मशीनला साधारण पाव लिटर लागतं. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घ्या. अनेकदा पाणी शिरण्याचं कारण सील नसून तो जुना चपटा वॉशर असतो.

आता पाणी कुठून आलं ते शोधा. पंखा काढा, त्याच्या मागे शाफ्टवर बघा. आपल्या खाडीत दहातल्या सात मशीनच्या शाफ्टवर तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला सापडेल. तो फिरता फिरता तापतो, वितळून कड्यासारखा घट्ट बसतो आणि ऑइल सीलचा ओठ कापतो. ब्लेडने उभा कापून काढा, पण शाफ्टला ओरखडा नको. सील बदलल्यावर भरण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या: वरच्या भोकातून १०० किलोपास्कल, म्हणजे १५ पीएसआयच्या आत हवा आणि सीलवर साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर सील गेलेलं. जास्त हवा भरलीत तर चांगलं सीलही बाहेर येईल. एकट्या पंख्याच्या सीलवर थांबू नका, ड्राइव्ह शाफ्टचं सील वॉटर पंपाखाली असतं. तो पंप उघडला की इम्पेलरही बदलून टाका. गाळात चाललेल्या पंपाची पाती दोन मोसमांत वाकडी होतात.

पंख्याच्या स्प्लाइनवर मरीन ग्रीस लावा, सगळे वॉशर काढले त्याच क्रमाने बसवा, स्प्लिट पिन नवी आणि स्टेनलेस. साध्या लोखंडी पिनचा ऑगस्टमध्ये भुगा होतो. अॅनोड, म्हणजे जस्ताचा तुकडा, अर्ध्याच्या वर खाल्ला गेला असेल तर बदला आणि त्यावर रंग मारू नका. दिसायला छान, पण रंगवलेला जस्त काम करत नाही, मग मीठ अॅल्युमिनियमकडे वळतं.

आडवं ठेवणं टाळाच. उभं ठेवायला महागडा स्टँड लागत नाही, भक्कम लाकडी घोडा पुरे. दोन पाय, वर दीड-दोन इंच जाडीची आडवी फळी, तिला मशीनचे क्लॅम्प. ३५-४० किलोचं धूड आहे, तेव्हा घोडा भिंतीला बांधा. आडवं ठेवणं अगदीच भाग पडलं तर आधी तास-दोन तास उभं ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या बाजूवरच टेकवा, आणि डोक्याकडची बाजू पंख्याकडच्या बाजूपेक्षा उंच असू द्या. उलट झालं तर एक्झॉस्टमध्ये राहिलेलं खारं पाणी उतरून एक्झॉस्ट पोर्टमधून थेट सिलिंडरमध्ये जातं. मग वरचं सगळं फॉगिंग पाण्यात.

झाकायला ताडपत्री किंवा कापड घ्या. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर आतली ओल आतच राहते. उंदरांसाठी कार्बच्या तोंडात आणि एक्झॉस्टच्या भोकात तेलकट फडकं कोंबा, त्याला लाल चिंधी बांधा, तिचं एक टोक बाहेर लोंबू द्या म्हणजे चालू करताना विसरणार नाही. स्टील वूल घालू नका, ते गंजून त्याचा चुरा आत जातो. वायरिंगच्या जोडांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून ठेवा.

आणि दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं चालू करणं, दादूस, हे सगळ्यात वाईट. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. पाच मिनिटांत इंजिन इतकं तापत नाही की ती वाफ बाहेर पडेल, ती आतच थंड होऊन साचते. शिवाय फॉगिंगचं ऑइल धुऊन जातं आणि रिकामा केलेला कार्ब परत भरतो. पाच महिने कोणी हात लावला नाही तरी नीट फॉगिंग केलेलं मशीन सुखरूप राहतं. नुसती दोरी ओढून बघायचीही गरज नाही, प्रत्येक ओढीत ऑइलचा थर थोडा पुसला जातो.

कोपरखैरणे_सेफ्टी

तांत्रिक बाजू झाली, पण पेट्रोल सोसायटीच्या खोलीत असणार म्हणून एक मुद्दा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात: काचेचं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. पाण्याच्या बाटलीत लिटर-दोन लिटर ठेवायची सवय या हिशोबात बसत नाही. पण कायद्याच्या आत असलं तरी मीटर बॉक्सच्या आणि इन्व्हर्टरच्या खोलीत एक थेंबही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते. ड्रेन स्क्रूमधून काढलेलं, तपासणीचं, सगळं मोकळ्या जागेत. मशीन खोलीत न्यायच्या आधी एक रात्र उघड्यावर, छपराखाली ठेवा, म्हणजे नळीत उरलेली वाफ निघून जाईल.

मिस्त्री_टूटी

राहिलं चालू करण्याचं. ऑगस्टमध्ये हा धागा शोधावा लागू नये म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

लाल चिंधीचं फडकं काढा. प्लग काढा, टोप्यांना अर्थिंग द्या, दोरी आठ-दहा वेळा ओढा. सिलिंडरमधलं ऑइल भोकातून उडेल, समोर उभे राहू नका. प्लग न काढता जोरात दोरी ओढली आणि ऑइल वर साचलेलं असलं तर पिस्टन अडतो, कारण ऑइल दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड तेवढ्याने वाकतो. नवे प्लग मॅन्युअलमधल्या नंबराचेच. बी७एचएस-१० असेल तर गॅप १ मिलिमीटर, आवळणं २५ न्यूटन मीटर. जुने साफ करून घालायचा मोह होतो, पण फॉगिंगच्या ऑइलने भिजलेले प्लग वारंवार मिस देतात.

ताजं पेट्रोल, ताजं मिश्रण, ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. फुगा घट्ट होईपर्यंत दाबा आणि चालू करण्याआधी सगळ्या जोडांवरून बोट फिरवून गळती बघा. पहिल्यांदा पिंपातच चालवा. पाच-दहा मिनिटं पांढरा धूर येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

धुरापेक्षा पाण्याच्या धारेकडे लक्ष द्या. मागच्या बारीक नळीतून अर्ध्या मिनिटात धार यायला हवी. नाही आली तर लगेच बंद करा, पण पंप उघडायला घेऊ नका. आधी त्या नळीत तंगूसचा कडक तुकडा घालून बघा. बंद मशीनच्या त्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करते.

खाडीकाठ_बेलापूर

त्या भोकालाही फडक्याची बारीक वात लावून ठेवतो, लाल चिंधीसकट.

मिस्त्री_टूटी

लावा. पण पाणी पूर्ण निथळल्यावर.